पहिल्या रॅकचा दिवा

भाऊजींना आपल्या सेटिंग्जच्या फायलींचा भारी अभिमान. घरी ते तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ आणि कामावर तिचे साहेब, त्यामुळे हे कौतुक तिला दोन्हीकडे ऐकावं लागे, ताटावर आणि टेबलावर.

त्यांची कंपनी दवाखान्यांचे एक्स-रे सांभाळायची. दर फोटोच्या तीन प्रती, तीन निरनिराळ्या रॅकमधल्या, म्हणजे लोखंडी मांडण्यांतल्या, मशीनांवर. एक रॅक निजला तरी बाकीचे जागे. मशीन कुठल्या रॅकमध्ये उभं आहे, हे त्याच्या फायलीतली एक ओळ सांगायची, आणि तिच्यावरूनच प्रती वाटल्या जायच्या. पण ती एक ओळ भाऊजींच्या पसाऱ्यात बुडालेली. दर मशीनची वेगळी फाईल, दर फाईल गटारीतल्या शेवाळासारखी वाढलेली, जागोजागी त्यांच्याच हातची ताकीद: हात लावू नये. का लावू नये, ते त्यांनाही आठवत नसे.

"सगळ्यांना सारखं ते एकदाच, एकाच फायलीत लिहू," ती म्हणायची. "मशीनपाशी फक्त जागेची ओळ ठेवू."

"फाईल म्हणजे काय पालेभाजी आहे, देठं खुडायला?" भाऊजी हसायचे. "माझ्याशिवाय कुणाला कळत नाही ती."

हे ते बढाई म्हणून सांगत. तिला त्यांची कीव यायची, आणि कीव ओसरली की किळस.

नवा रॅक आला तेव्हा भाऊजींनी इकडच्या-तिकडच्या जुन्या फायली उचलून त्यातल्या मशीनांना डकवल्या होत्या. जागेची ओळ बदलली का, हे तिने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मला शिकवतेस?" आणि आज त्याच रॅकची वायर बदलायला वायरमन दारात उभा होता. दुपारी रॅक बंद करायचा, असा शब्द भाऊजी कंपनीच्या मालकांना देऊन बसले होते. एखाद्या फोटोच्या तिन्ही प्रती याच रॅकमध्ये निघाल्या, तर वायर सुटताच कुठला तरी डॉक्टर पेशंटला टेबलावर निजवून काळ्या पडद्याकडे बघत बसणार होता.

ती मशीनच्या खोलीत गेली. गार वारा, पंख्यांची घरघर, जात्यासारखी संथ. तिने फोन लावून स्पीकरवर ठेवला; वायरमनही मागोमाग आत आला.

"भाऊजी, फायलीत पहिल्या रॅकमधलं म्हणून लिहिलेल्या सगळ्यात नव्या मशीनचा ओळख पटवायचा दिवा लावा."

"कशाला?"

"लावा तर."

खुर्ची करकरली. कळ दाबल्याचा आवाज आला. नव्या रॅकमध्ये, तिच्या नाकासमोर, निळा दिवा लुकलुकला, पोर लपून हसावं तसा.

"मी नव्या रॅकपाशी उभी आहे. दिवा इथे लागलाय."

"दिवा बिघडला असेल."

"दुसऱ्या रॅकमधला लावा."

तोही तिच्यासमोरच लागला. तिसऱ्याचाही.

फोनवर कळा भराभर दाबल्याचा आवाज आला.

"आज बंद नाही करता येणार," ती म्हणाली. "मालकांना सांगा, फायलीत चूक आहे."

"चूक कशाला म्हणायचं? वायरमनला ताप आलाय म्हणून सांगतो."

ठणठणीत वायरमन शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. "ताई, किती ताप आलाय मला?" त्याने विचारलं.

"साहेब ठरवतील तेवढा."

मग ती कामाला बसली. सारखं ते एका फायलीत आलं. जागेची ओळ तिने दर मशीनपुढे उभं राहून, डोळ्यांनी बघून लिहिली. शेवाळ निघालं, ताकिदी निघाल्या, आणि कुणालाच त्यांची आठवण आली नाही. प्रती आपापल्या रॅकला वाटल्या जायला चार दिवस लागले, आणि त्यानंतरच वायर सुटली. एकाही दवाखान्याचा फोन आला नाही.

त्या रात्री जेवताना भाऊजी तिच्या जावेला सांगत होते, "नवी पद्धत आणली मी. इतकी सोपी, की कुणालाही कळावी. हो ना गं?"

"हो भाऊजी," तिने आमटी वाढली. "वायरमनचा ताप उतरला का, तेवढं विचारा मात्र."

जाऊ म्हणाली, "कुठला वायरमन?"

भाऊजी ताटातली मिरची शोधू लागले.