काचेवरचा निळा पापुद्रा

मी सोन्याचा एक पापुद्रा बोलतोय. सोनं म्हटल्यावर लगेच डोळे विस्फारू नका. मिठाईवरचा वर्खसुद्धा माझ्यापुढे गोधडीसारखा जाड वाटेल, इतका मी पातळ. दागिना व्हायचं भाग्य काही मला लाभलं नाही.

हवा उपसून रिकाम्या केलेल्या एका पोलादी भांड्यात सोनं तापवलं, त्याची वाफ वर चढली आणि काचेच्या चौकोनी तुकड्यावर मी जन्मलो. शेजारच्या तुकड्यावर माझा जुळा भाऊ जन्मला. सोनं एकच, जाडीही एकच. पण त्याच्या काचेवर आधी क्रोमियमचं अस्तर दिलं होतं, त्यामुळे त्याला पाय रोवता आले आणि तो सलग पसरला. माझ्या नशिबी नुसती काच. तिचं आणि सोन्याचं मुळीच जमत नाही. मी आपला थेंबाथेंबांनी जागोजागी गोळा होऊन बसलो. उजेडासमोर धरलं की तो हिरवट दिसायचा आणि मी निळा.

ज्या मुलीने आम्हाला घडवलं, ती मात्र माझा निळेपणा पाहून हरखली. ती या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. सोन्याचा रंग नुसत्या सोन्यावर ठरत नाही, थर किती जाड आणि खाली काय अंथरलंय यावरही ठरतो, हेच तिला दाखवायचं होतं. भावाचं मोजमाप झालं, माझं दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. नवा पापुद्रा करायची सोय उरली नव्हती, कारण हवा उपसणारा पंप बिघडला तो बिघडलाच. प्रबंध द्यायची मुदतही संपत आली होती. फोनवर आई विचारायची, "अगं, संपतंय का एकदाचं?" ती म्हणायची, "झालंच गं." मग फोन ठेवून कॅलेंडरवरचे उरलेले दिवस पुन्हा मोजायची. मला तिची फार कीव यायची.

त्या दुपारी तिचे सर आले. माणूस वाईट नाही, पण भारी घाईचा. सगळा जन्म गणितं मांडण्यात गेलेला, आमच्यासारख्यांना हात लावायची वेळ फारशी आली नव्हती. भावाकडे पाहून त्यांनी मान डोलावली. मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय गं? असलं मळकट घेऊन परीक्षकांपुढे जाणार?"

"सर, मळ नाहीये तो, सोनंच आहे..."

"सोनं निळं असतं होय?"

ती टेबलापलीकडून धावत येईपर्यंत त्यांनी मऊ कागद घेतला, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि चष्मा पुसावा तसं मला पुसलं. भाऊ असता तर चिकटून राहिला असता. मी कसला राहतोय! क्षणात मी कागदावर गेलो.

"बघ, निघाला की नाही?" सर खुशीत म्हणाले आणि काच तिच्या हातात देऊन निघून गेले.

तिने काच उजेडासमोर धरली. आरपार सगळं स्वच्छ दिसत होतं. मग कचऱ्याच्या डब्यातून तिने तो कागद काढून हलकेच उलगडला. त्यावर एक पुसटशी रेघ आहे, तोच मी. आता कुठल्याही यंत्राला माझा रंग सांगता यायचा नाही.

तिने मला टाकून द्यावं आणि घरी जावं, एवढंच माझं मागणं आहे. पण ती कागद हातात घेऊन श्वास रोखून उभी आहे, मी उडून जाईन म्हणून.