डाव्या बटणाची पाचर

माझी मुलगी मैत्री डॉक्टर आहे, पण तिच्याकडे कुणी तापाची गोळी मागू नये. ती पीएचडीवाली डॉक्टर. पीएचडी झाल्यावरही माणच्या पुढच्या एका संशोधन केंद्रात ती पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं पुढचं संशोधन, करतेय. पिंपळे गुरवच्या आमच्या बिल्डिंगमधल्या शालनबाई मला जिन्यात गाठून विचारतात, "मैत्रीचं शिक्षण अजून चालूच का हो?" मी म्हणतो, "चालूच. कॅन्सरचं काम संपलं की थांबेल." यावरून बायको, कस्तुरा, घरात मला झापते. झापू दे. माझी लेक आहे, मी ताठ मानेनेच बोलणार.

तिचं काम तिनेच मला कांदे चिरता चिरता समजावलंय. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. रुग्णाच्याच त्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांत एक नवं जनुक घालायचं आणि परत अंगात सोडायच्या. मग त्या कॅन्सर हुडकून मारतात. पण कधी कधी त्या बेभान होऊन रुग्णाच्याच जिवावर उठतात. म्हणून मैत्री त्यांत आणखी एक जनुक घालते, बंद करायच्या बटणासारखं. पेशी आवरेनाशा झाल्या तर एक औषध द्यायचं, की त्या आपोआप मरतात.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी ती ताटावर नुसतीच बसून होती. मी विचारलं, "भाजी बिघडलीय का?"

"औषध दिल्यावरही शंभरातल्या तीन पेशी जिवंत राहतायत, पप्पा."

"सत्त्याण्णव मरतात ना? मग झालं की."

"उद्या आमच्या प्रमुख विजयश्री मॅडमना अहवाल द्यायचाय. मोजमापातली चूक म्हणून तीन पेशी खपून जातील. खरं सांगितलं तर रुग्णांवरच्या चाचणीचा प्रस्ताव वर्षभर मागे पडेल. आणि माझी मुदत मार्चमध्ये संपते."

एवढी वर्षं राबून पोरगी रिकाम्या हाताने घरी यायची? मी म्हणालो, "मग नको सांगूस. कंपनीत आम्ही असा किती माल सोडला!"

ती नुसती माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मी सवयीने तो मांडीखाली घेतला. त्या हाताला मधली दोन बोटं नाहीत. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये मशीन बिघडली आणि बोटं गेली, असं मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. लग्नांच्या फोटोंतसुद्धा तो हात खिशात असायचा.

आता मात्र मला माझीच लाज वाटली.

"मशीन बिघडली नव्हती," मी म्हणालो.

कस्तुराचा पोळी वाढणारा हात तिथेच थांबला.

"पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडतो. म्हणजे ठोका पडताना हात बाहेरच. पण टार्गेट पुरं व्हायचं नाही. म्हणून आम्ही सगळेच डाव्या बटणाला लाकडाची पाचर मारायचो. ते दाबलेलंच राहायचं आणि डावा हात पत्रा सरकवायला मोकळा. हजारो ठोके पडले, काही झालं नाही. एका ठोक्याला झालं. ती पाचर माझ्याच हातची होती."

मला वाटलं, आता ती रडेल, निदान रागावेल तरी. बाईसाहेबांनी विचारलं काय, तर, "मग नंतर मशीनमध्ये काय बदललं?"

"नवी मशीन आणली. तिचं एक बटण जरी दाबलेलं राहिलं तरी पुढचा ठोका पडत नाही. पाचर मारली की कामच बंद."

ती खरकट्या हाताने उठली आणि पेन शोधायला लागली. "पप्पा, त्या तीन पेशींनी हेच केलंय! बंद व्हायचं जनुक गप्प केलंय आणि शिकारीचं चालू ठेवलंय. दोन्ही एकत्र गुंफायला हवीत. एक गप्प केलं की दुसरंही बंद."

हे तिला एरवीही सुचलं असतं, असं मला वाटतं. ती नाही म्हणते.

सोमवारी तिने तीन पेशी अहवालात लिहिल्या. मॅडम आधी वैतागल्या, मग त्यांनीच धावपळ करून तिला वर्षाची मुदत वाढवून आणली. ते वर्ष पोरीने सणवार न बघता काढलं. शेवटी औषधानंतर शिकार करणारी एकही पेशी उरली नाही. निदान उंदरांत तरी.

गेल्या महिन्यात केंद्रात तिचं भाषण झालं. घरच्यांनाही बोलावलं होतं. भाषण इंग्रजीत, मला निम्मं कळलं. पण पडद्यावर पहिलं चित्र त्या तीन पेशींचंच होतं, ते मी ओळखलं. शेवटी बाहेरून आलेल्या एका डॉक्टरांनी मराठीतच विचारलं, "एवढ्याशा पेशी कुणीही सोडून दिल्या असत्या. तुम्ही का नाही सोडल्या?"

"माझे वडील चाकणला पॉवर प्रेसवर होते," मैत्री म्हणाली. "बटणाला पाचर मारली की काय होतं, ते मला त्यांनी सांगितलं. ते मागे बसलेत."

पाचर कुणाची होती, ते तिने सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडलं.

सगळ्या माना मागे वळल्या. माझा डावा हात खिशात होता. मी उठलो, तो बाहेर काढला आणि अंगठा धरून उरलेली तीन बोटं सगळ्यांना दिसतील असा वर धरला.

"पाचर मीच मारली होती," मी म्हणालो. "आणि ही माझी मुलगी."

टाळ्या थांबल्या, तरी माझा हात वरच होता. कस्तुराने दोनदा शर्ट ओढला, तेव्हा कुठे मी खाली बसलो.