आठ वाजताची गोळी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि बेंबीवर हात ठेवा. त्या हाताखाली एक लांबच लांब मऊ नळी घड्या घालून बसली आहे, अशी कल्पना करा. तुम्ही खाल्लेल्या घासातला कस काढून रक्तात सोडायचा, हे तिचे काम. आता अशीही कल्पना करा की ती नळी मुळात तुमची नाहीच.

मी एक जुने आतडे आहे. आधी मी शिवणकाम करणाऱ्या एका ठेंगण्या बाईंच्या पोटात होते. त्यांनी उभ्याउभ्या ढोसलेला चहा आणि घाईने गिळलेले घास मी एकतीस वर्षे पचवले. मग एका अपघातात त्या गेल्या. त्यांच्या भावाने कागदावर सही केली, आणि बर्फाच्या पेटीत बसून मी काही तासांतच दहा वर्षांच्या एका मुलीच्या पोटात आले. तिच्या स्वतःच्या आतड्याला पीळ पडला होता, ते काढून टाकावे लागले होते. दोन वर्षे ती शिरेतून सोडलेल्या अन्नावर जगत होती. मी कामाला लागले आणि तिने उकडलेला बटाटा खाल्ला. तिचे बाबा तो बटाटा संपेपर्यंत समोर नुसते उभे होते.

माझे एक टोक डॉक्टरांनी तिच्या पोटावरच्या छोट्या छिद्रातून बाहेर काढून ठेवले आहे. त्यातून ते आत कॅमेरा घालून मला तपासतात. माझ्यातून बाहेर पडणारे पाणी आणि मळ जमायला त्यावर एक पारदर्शक पिशवी असते. मीही त्या खिडकीतून थोडे जग बघते.

पण माझा जीव सदा टांगणीला. शरीरात पहारेकरी पेशी असतात. परके काही दिसले की त्यांनी तुटून पडायचे, हा त्यांचा धर्म. आणि मी परकेच. दुसऱ्याचे मूत्रपिंड आले तरी ते चिडतात, पण माझ्यावर त्यांचा डोळा अधिक. माझ्यात जंतूंची मोठी वस्ती, शिवाय माझ्या भिंतींत शिवणाऱ्या बाईंचे जुने पहारेकरी अजून मुक्कामाला. हल्ला झाला तर माझे आतले मखमली अस्तर सोलून निघते आणि जंतू थेट मुलीच्या रक्तात शिरतात.

म्हणून गोळ्या. गोळ्या पहारेकऱ्यांना पेंग आणतात. गाढ झोप नको, नाहीतर साधी सर्दीही मुलीला झेपायची नाही. पूर्ण जागही नको. औषध किती हे रक्त तपासून ठरते, आणि ते रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचे असते. गोळी आधी घेतली तर आकडा उगाच फुगतो.

मुलगी सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ ही वेळ कधी चुकवत नसे. बाबा तिला घड्याळबाई म्हणत.

एकदा अशाच रक्ततपासणीच्या दिवशी आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आत्या सोबत निघाली. "आज रक्त दिल्यावर गोळ्या, लक्षात आहे ना?" आईने दारातून बजावले. हॉस्पिटलात रांग लांब होती. आत्या खिडकीशी अर्ज भरत होती. भिंतीवर आठ वाजले, आणि मुलीच्या हाताने सवयीने डबी उघडली. गोळ्या घशाखाली उतरल्या, तेव्हा तिला आईचे शब्द आठवले.

नंबर लागला साडेनऊला. "गोळी घेतली नाहीस ना गं?" परिचारिकेने विचारले.

"छे हो," आत्याच बोलली, "ही आमची घड्याळबाई. हिच्याकडून चूक व्हायची नाही."

मुलीने तोंड उघडले होते. ते तिने मिटले.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "औषध जास्त झालंय. दर वेळी दोनऐवजी एकच गोळी द्या, आठवड्याने पुन्हा बघू."

तिसऱ्या दिवशी पहारेकरी जागे झाले. माझ्या भिंतींवर त्यांची चाहूल लागली, मी सुजू लागले. पिशवी भराभर भरू लागली.

"पाणी फार जातंय का गं?" आईने विचारले.

"काल कलिंगड खाल्लं ना," मुलगी म्हणाली.

"घड्याळबाईंना आज चावी द्यायची राहिली वाटतं," बाबा हसले. ती हसली नाही.

मित्रांनो, मला गुरगुरण्यापलीकडे आवाज नाही. मी जीव तोडून गुरगुरले. तुमच्या घरी कोणी अशा गोळ्यांवर जगत असेल आणि एखादी गोळी चुकली किंवा भलत्या वेळी घेतली गेली, तर त्याच घटकेला सांगा. बोलणी पाच मिनिटे खावी लागतात. माझे अस्तर एकदा गेले की परत येईल याची खात्री कोणी देत नाही.

संध्याकाळी आठला आईने एकच गोळी तिच्या तळहातावर ठेवली. मुलीने ती तोंडात टाकली नाही.

"आई, डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

"का? काय होतंय?"

"आधी लाव. मग मला ओरड."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "त्या दिवशीचा आकडा खरा नाही. रक्त द्यायच्या आधीच मी गोळ्या घेतल्या होत्या, आणि कोणाला सांगितलं नाही. आज पिशवी सात वेळा भरलीय."

पलीकडचे बोलणे तिने नीट ऐकून घेतले. मग फोन आईच्या हातात दिला आणि दाराशी बसून चपलांचे पट्टे लावू लागली.