लाल त्रिकोणामागे

"माझी पोरगी या घडीला कुठे आहे, हे मी न बघता सांगतो," यर्गन म्हणाला आणि दालचिनीचा बन त्याने कॉफीत बुडवला. "आजीकडे बटाटे काढतेय. सुट्टी आहे ना शाळेला."

लाकूडगिरणीत दहाच्या कॉफीला बेंग्ट त्याच्यासमोर बसायचा. बेंग्टला स्वतःची पोरं नव्हती, त्यामुळे दुसऱ्यांच्या पोरांबद्दल त्याला सगळं कळायचं.

"फोनवर ठिपका दिसतो ना तिचा? मग बघ की."

"नाही बघायचं. शब्द दिलाय."

शब्दाची भानगड अशी होती. टूवाला पंधरा पूर्ण झाली तशी तिने जुनी गाडी घेतली. मागे मोठ्ठा लाल त्रिकोण लावलेली, ताशी तीसच्या वर न पळणारी, म्हणून पंधराव्या वर्षीच कायद्याने चालवता येणारी, गावातली सगळी पोरं उडवतात तसली. गाडी आली, म्हणून यर्गनने तिचा फोन कुठे आहे ते दाखवणारा ठिपका आपल्या फोनवर आणला. मग तो ठिपका जेवताना बघू लागला, दात घासताना बघू लागला, "पेट्रोल पंपावर चार मिनिटं काय करत होतीस?" असं विचारू लागला. रविवारी टूवाने ठणकावलं, "पप्पा, शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकदाही बघायचं नाही. जमलं, तर मी अठराची होईपर्यंत ठिपका ठेवते. बघितलंस, तर कायमचा बंद. आणि थापा मारू नकोस, तुझे कान लाल होतात."

आज शुक्रवार होता. सात-आठ तासांचा तर प्रश्न.

"म्हणजे खात्री नाहीये तुला," बेंग्ट बन चावत म्हणाला.

यर्गनने बघितलं.

ठिपका हमरस्त्यावर होता आणि ताशी ऐंशीने सुटला होता.

बन कपातच राहिला. ऐंशी म्हणजे एक तर कार्टीने गाडीची वेग रोखणारी वेसण काढली, नाहीतर कुठल्या तरी टोणग्याच्या शेजारी जाऊन बसली! यर्गनने गाडी काढली ती सुसाट, आणि तळ्याकाठच्या वळणांवर तिसऱ्याच मिनिटाला एका लाल त्रिकोणामागे अडकला.

"अरे सरक ना बाजूला, गोगलगाय!"

हॉर्नवर हात गेला आणि तिथेच थिजला. त्रिकोण तिरका होता. तो तिरका त्यानेच ठोकला होता. पुढे साक्षात टूवा होती, काचा थरथरतील एवढी गाणी लावून, मागे बटाट्यांची पोती घेऊन. आणि ठिपका तिकडे ऐंशीने पळतच होता.

त्याने टूवाचा नंबर लावला. उचलला त्याच्या बायकोने, अनेलीने.

"काच फुटलीय फोनची, दुरुस्तीला नेतेय शहरात. तू का केलास? ठिपका बघितलास?"

"छे!"

"कान लाल झाले असणार," म्हणत तिने फोन ठेवला.

आता एकच काम उरलं, आरशात न दिसणं. यर्गन सीटमध्ये इतका खाली घसरला की स्टिअरिंगवर नुसती टोपी उरली. टोपीच्या मागे अकरा गाड्या जमल्या आणि सगळ्या मिळून बोंबलू लागल्या. गाण्यांच्या वरताण आवाज झाला. आता पोरगी मागे बघणार! त्याने गाडी रानातल्या वाटेकडे झटकन वळवली. वाट अरुंद होती, खड्डा रुंद होता.

टूवा थांबली. उतरली. आली.

"पप्पा? इथे काय करतोयस?"

"मशरूम शोधतोय."

"गाडीतून?"

यर्गनने टोपी कानांवर ओढली.

"दे इकडे," तिने हात पुढे केला. त्याच्या फोनवरून स्वतःचा ठिपका पुसला, फोन बटाट्यांवर टाकला. "संध्याकाळी मिळेल. चल, ओढून काढते तुला. दोर बांध."

दोर अडकवायची कडी काही त्याला सापडली नाही. मग त्याने दोर पुढच्या बंपरला बांधला. टूवाने गाणी लावली आणि ताशी तीसने निघाली. बंपर तिच्या मागोमाग घरी गेला. यर्गन खड्ड्यातच राहिला.