आमच्यात चालत नाही

फोन टेबलावर थरथरला तसा कीर्तीनं तो पालथा घातला, पण तिरक्या डोळ्यानं पाहायचं ते पाहून घेतलंच. बाबांची साखर पुन्हा चढत होती. सासऱ्यांच्या दंडावर चिकटवलेला बारीकसा सेन्सर आणि तिचा फोन यांचं सूत जुळल्यापासून सुखदेव वानखडेंच्या पोटात काय चाललंय हे त्यांच्याआधी सुनेला कळायचं.

समोर एक सहकारी चाचणीचे निकाल वाचत होता. दवाखान्यांत जाणारी यंत्रं बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका शोधणं हे या सगळ्यांचं काम, आणि घोडं कुठं पेंड खातं हे कीर्तीइतकं पटकन कुणाला सापडत नसे. सकाळी तिनं बाबांना नाचणीची भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर ताक दिलं होतं. त्यानं साखर अशी उसळी मारत नाही. तिचा नवरा संघर्ष कामासाठी ड्युसेलडॉर्फला गेला होता, आणि तो घरी असता तरी वडिलांची झडती घ्यायची त्याची छाती नव्हती. मीटिंग संपल्याबरोबर 'उरलेलं काम घरून करते' असं सांगून तिनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि भुयारी उ-बान गाडी पकडली.

गेल्या वर्षी बाबांच्या डाव्या डोळ्यावर लेसर करावं लागलं होतं. साखर अशीच नाचत राहिली तर डोळा हातचा जाईल, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. न्युरेम्बर्गला ते पहिल्यांदाच, मुलाकडे राहायला म्हणून आलेले. त्यांना आणलं होतं त्याहून बरं करून परत पाठवायचं, असं कीर्तीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिनं ठरवलेलं सहसा होत असे.

पहिल्या मजल्यावर येते तो बाबांचं हसणं ऐकू आलं. खालच्या फ्राउ लिंडनर यांचं दार अर्धं उघडं होतं. आत टेबलाशी बाबा बसलेले, गळ्यात टाय. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण माणसांत जायचं म्हणजे टाय हवाच. पुढ्यात आलुबुखारांच्या केकचा चांगला ऐसपैस तुकडा, वर फेटलेल्या सायीचा डोंगर. लिंडनरबाई आपल्या इथल्या फ्रांकोनियन वळणाच्या जर्मनमध्ये मेलेल्या नवऱ्याची काही गंमत सांगत होत्या आणि बाबा मराठीत "मग काय तर!" म्हणून दाद देत होते. एकाचं अक्षर दुसऱ्याला कळत नव्हतं आणि दोघांचं झकास चाललं होतं.

कीर्तीनं हसून दोघांना नमस्कार केला, 'बाबा, जरा घरी काम होतं' म्हणून त्यांना वर घेऊन आली आणि दार लावून घेतलं.

"बाबा, रोज?"

"रोज कुठं? रविवारी बाई चर्चला जाते."

"तुम्हाला साखर आहे."

"आहे की. जुनीच आहे. ती मला ओळखते, मी तिला ओळखतो."

"मग नाही म्हणायचं ना."

"कुणी हातानं वाढलेल्याला मला नाही म्हणता येत नाही, पोरी."

कीर्तीला यात जिभेचे चोचले दिसले. दुसरं काही दिसायचं कारणच नव्हतं.

"मी त्यांना सांगते. डायबेटिस आहे म्हटलं की त्या स्वतःच देणार नाहीत."

"ते नको." बाबांनी टायची गाठ सैल केली. "मी इथं पाहुणा आहे, पेशंट नाही. एकदा कळलं की ती मान वाकडी करून बोलायला लागेल. तब्येत कशी, गोळी घेतली का. अकोल्यात सगळ्यांना माझ्याशी तेवढंच बोलायला उरलंय. इथं एक बाई माझ्याशी हसते, तिला हसू दे."

आता आजार सांगायचा नाही आणि केक तर बंद करायचा. कीर्तीला उपाय सुचायला वेळ लागला नाही. जर्मनीत नवी असताना ऑफिसातल्या वल्लरीनं तिला एक गुरुमंत्र दिला होता. वल्लरी म्हणाली होती, "कारणं देत बसू नकोस गं. आवडत नाही म्हटलंस तर हे लोक चार प्रश्न विचारतात. 'आमच्यात चालत नाही' म्हण. धर्माचं, रिवाजाचं नाव आलं की जर्मन माणूस गप्प. उलट तुझी माफी मागेल." मंत्र सिद्ध होता. रक्ताची सॉसेजं, रताळ्याएवढाले डुकराचे तुकडे, पार्टीतली तिसरी बिअर, सगळं त्या एका वाक्यानं तिच्या पुढ्यातून आजवर मागं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तिनं लिंडनरबाईंची बेल वाजवली. तिचं जर्मन सफाईदार होतं, आणि असं काही बोलायचं असलं की ते आणखी सफाईदार होई. बाबा तुमचं फार कौतुक करतात, ती म्हणाली. फक्त एक आहे. आमच्याकडे जुनी माणसं परक्या घरचं खात-पीत नाहीत. रिवाज आहे. ते स्वतः तुम्हाला कधी सांगणार नाहीत, तुमचं मन राखतील.

लिंडनरबाईंचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला.

"आख गॉट, अरे देवा. म्हणजे इतके दिवस त्यांनी माझ्याखातर आपला नेम मोडला?"

"तसं मनावर घेऊ नका."

"नाही नाही. बरं झालं सांगितलंत. मी टीव्हीवर पाहिलं होतं कधीतरी, तुमच्याकडे असं असतं. माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

साप मेला आणि काठीही वाचली. कीर्ती जिना उतरून गेली ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतच.

त्यानंतर फोन शहाण्यासारखा वागू लागला. सकाळची रेघ सपाट, दुपारची सपाट. ड्युसेलडॉर्फहून संघर्षनं "कमाल आहे तुझी" म्हणून कळवलं. जेवणात मात्र बाबांचं लक्ष दिसेना. भाकरी मोडून ठेवत, ताटाकडे पाहत बसत. दुपारी एकटेच बागेत चक्कर मारून येत. टाय खुंटीवर होता. हवा बदलली की या वयात होतं असं, कीर्तीनं स्वतःला समजावलं, कारण आकडे तर उत्तम होते.

रविवारी तिनं मुद्दाम त्यांच्या आवडीचा बेत केला. भरली वांगी, कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. बाबांनी एक घास घेतला आणि हात ताटावर तसाच ठेवला.

"कीर्ती, खालच्या बाईला आपल्याविषयी कुणी काही सांगितलं असेल का?"

"म्हणजे?"

"आपण कोण, काय, ते."

कीर्तीनं चटणीची वाटी खाली ठेवली. बाबा एरवी कचेरीतल्यासारखं स्वच्छ मराठी बोलत. आता त्यांच्या तोंडी वऱ्हाडी आली.

"मी खाली गेलो होतो परवा. ती रोज हात मिळवते, त्या दिवशी दुरूनच हात जोडले. म्हटलं, शिकली असंल कुठंतरी. आत गेलो. टेबलावर तिच्यासाठी तिचा तो फुलाफुलांचा कप, अन् माह्यासाठी कागदाचा. वेगळा. पाण्याची बाटली, तेबी सील न फोडलेली. बशी नाही, काही नाही. कागदी रुमालावर नीट मांडून ठेवलं होतं." ते थांबले. "आमच्या गावी हॉटेलात वळचणीला आमचे कप टांगलेले असत. पिऊन झालं की आपणच धुवायचा अन् परत टांगायचा. हा धुवावाबी लागला नाही, एवढीच सुधारणा."

कीर्तीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"इतक्या दूर येऊनबी तेच का, पोरी? अन् बाई तर चांगली होती."

तिला लाज वाटली. साधीसुधी नाही, अंगभर, कानाच्या पाळ्यांपर्यंत. ती पुण्यात वाढली, चांगल्या शाळेत गेली. वळचणीचे कप तिनं फक्त भाषणांत ऐकले होते. ऐकताना दर वेळी तिचे डोळे भरून येत. आणि ते कप टांगायला लावणाऱ्यांचं 'आमच्यात चालत नाही' हेच वाक्य ती इतकी वर्षं इथं छत्रीसारखं पिशवीत घेऊन फिरत होती, लागलं की उघडायला.

"बाई चांगलीच आहे बाबा," ती म्हणाली. "मी सांगितलं तिला."

"काय सांगितलं?"

"की तुम्ही परक्यांच्या हातचं खात नाही. आमच्यात चालत नाही म्हणून. तुम्हाला आजार सांगायचा नव्हता, मला केक थांबवायचा होता. तिनं तुमचा मान ठेवायला तो कप आणला."

बाबांनी ताट बाजूला सारलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे वाक्य मी जन्मभर ऐकलं," ते म्हणाले. "आपल्या घरातून बाहेर जाताना पहिल्यांदाच पाहिलं."

ते उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. कीर्ती उष्ट्या हातानं बसून राहिली. दार पुन्हा उघडलं तेव्हा त्यांच्या गळ्यात टाय होता.

"हात धू. खाली चल. मला बोलायचंय, अन् माझं जर्मन तेवढं नाही."

लिंडनरबाईंनी दार उघडलं, दोघांना पाहिलं आणि घाईनं हात जोडले. बाबांनी आपला उजवा हात पुढं केला आणि त्यांचा हात हातात येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला. मग ते सरळ टेबलाशी जाऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले.

"सांग तिला. मला साखरेचा आजार आहे. जुना आहे. डोळ्यापर्यंत आलाय."

कीर्तीनं सांगितलं.

"आता तू काय सांगितलं होतं ते सांग."

हे जर्मनमध्ये अवघड नव्हतं. शब्द सगळे तिला येत होते, आणि तरी तिचं सफाईदार जर्मन पहिल्यांदाच अडखळलं. मी खोटं बोलले, ती म्हणाली. असा रिवाज आमचा नाही. तो दुसऱ्यांचा होता, आमच्यासाठी केलेला. बाबा लहान असताना लोक त्यांच्या हातचं पाणी पीत नसत. चहाच्या दुकानात त्यांचा कप वेगळा असे, बाहेर टांगलेला. म्हणून त्यांना कुणी हातानं काही दिलं तर ते नाही म्हणत नाहीत.

इतकी वर्षं या देशात राहून हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं नाही, आणि तिलाही ते सोयीचं होतं.

लिंडनरबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग कपाटावरच्या कागदी कपांच्या पाकिटाकडे. माफीबिफी त्यांनी मागितली नाही. उठल्या, पाकीट घेतलं, ओट्याखालच्या, कागदासाठीच्या निळ्या डब्यापर्यंत नेलं आणि तिथं अडल्या. चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. आतून प्लॅस्टिकचा थर होता, म्हणजे कागदाच्या कचऱ्यात चालणार नव्हतं. ते त्यांनी दुसऱ्या डब्यात टाकलं, झाकण दाबलं आणि वरून एकदा पुन्हा दाबलं.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"काही नाही म्हणाली."

"बरंय."

बाईंनी काचेच्या कपाटातून सोनेरी काठाचे कप काढले. नळाचं पाणी ग्लासात भरून बाबांपुढं ठेवलं. बाबांनी ते एका दमात पिऊन ग्लास परत पुढं केला. केकची थाळी आली तेव्हा त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं, एवढा. बाईंनी सुरी धरली. बाबांनी बोटं आणखी जवळ आणली आणि कीर्तीकडे पाहिलं.

"संध्याकाळची भाकरी अर्धी दे. पण हे बंद नाही करायचं."

"नाही करणार," कीर्ती म्हणाली. ती अजून दारापाशीच उभी होती. काम तर झालं होतं.

बाईंनी तिसरा कप हातात घेतला, पण टेबलावर ठेवला नाही.

"फ्राउ वानखडे, तुम्ही वर राहायला आलात तेव्हापासून मी दर नाताळला बिस्किटं देते. तुम्ही दारातूनच घेता, छान आभार मानता. या टेबलाशी कधी बसला नाहीत. त्या दिवशी तुम्ही रिवाजाचं सांगितलंत तेव्हा मला वाटलं, अच्छा, म्हणून." त्यांनी कप दोन्ही हातांत फिरवला. "मग तुमचं काय कारण?"

"काय विचारते?" बाबा म्हणाले.

कीर्तीनं भाषांतर केलं नाही. तिनं खुर्ची ओढली.