चिमूटभर क्रोमियम

नवार्दने भट्टीतली वडी चिमट्याने उचलली, खलात कुटली आणि ती पूड क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवली. चाळीस मिनिटांनी आलेख आला. पार्गेव सरांच्या लेखात होतं ते जास्तीचं शिखर नेमक्या त्याच जागी उभं होतं. तिने तारीख लिहिली, खल पुसला, गार झालेली कॉफी पिऊन टाकली. सर गेल्यापासून सगळी कामं अशीच एकामागून एक होत होती.

निकेल आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड एकत्र दळून, दाबून, तापवली की आजवर कुणाला न दिसलेली प्रावस्था, म्हणजे धातूंची नवी स्फटिकरचना, तयार होते, असा सरांचा दावा होता. दोन वर्षं पडून राहिलेला तो लेख विभागप्रमुख सेरोप यांना खणात सापडला. सरांच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, तो छापायला धाडायचा होता. फेरतपासणी तेवढी नवार्दकडे आली. तिने धुतलेल्या भांड्यात तीनदा पूड दळली. शिखर आलं नाही. मग दळणाची जुनी वही काढली. सरांच्या नोंदीच्या आदल्या दिवशी त्याच भांड्यापुढे तिचं नाव होतं: क्रोमियम, नऊ तास. ‘धुतलं’च्या रकान्यात खूण नव्हती. म्हणून आज तिने पुडीत चिमूटभर क्रोमियम टाकून पाहिलं होतं.

सेरोपनी आलेख बराच वेळ न्याहाळला. येरेवानभर लेखाचे निरोप गेलेत, म्हणाले. एवढीशी चिमूट कोण शोधतंय? वाटलं तर सरांच्या बाईंच्या कानावर घाल, पण ते तुझं तू.

सरांच्या पत्नी, आराक्स काकू, चाळिसाव्याच्या जेवणासाठी सुक्या लवाशवर पाणी शिंपडून एकेक पोळी फडक्यात गुंडाळत होत्या. नवार्दने दारातच सगळं सांगितलं, अहवाल वाचावा तसं.

“बस, नवार्द जान. तार घेऊन आल्यासारखी उभी काय?”

ती बसली.

“त्याला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या. “एका संध्याकाळी आला नि हसतच सुटला. म्हणाला, नवी प्रावस्था कसली, नवार्दचं खरकटं आहे ते.”

“मला का नाही बोलले?”

“तुझा प्रबंध तेव्हा परीक्षकांकडे होता. म्हणाला, पोरीला कळलं तर तीन वर्षांचं दळण पुन्हा दळायला बसेल.” काकूंनी पुढची पोळी घेतली. “लेख फाडणार होता. आळशी माणूस. सेरोपला सांग, नको म्हणून. तुझं नाव कशाला निघायला हवं?”

नवार्दने मान हलवली. फडक्याचं दुसरं टोक धरून ती उरलेल्या पोळ्या संपेपर्यंत बसून राहिली.

चाळिसाव्याच्या सकाळी सेरोपच्या टेबलावर लेखाऐवजी एकच पान होतं. वरचा मजकूर चार ओळींचा: ते शिखर नव्या प्रावस्थेचं नव्हे, न धुतलेल्या भांड्यातल्या क्रोमियमचं. खाली, चूक कुणाकडून झाली तिथे तिचं नाव. ती कुणी ओळखली तिथे सरांचं.

“हे छापायचं?” सेरोपनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “तारीखही त्यांचीच घाला. दोन वर्षांपूर्वीची.”