मागच्या महिन्यात अडकलेला कॉम्प्युटर

कल्पना करा, तुम्ही एका घराच्या दारात उभे आहात आणि आतून कुणीतरी मोठ्याने म्हणतंय, "राणी माशी पोळ्यात मधोमध असते स्वल्पविराम बाहेर क्वचितच पडते पूर्णविराम नवा परिच्छेद."

घाबरू नका, कुणाचं डोकं फिरलेलं नाही. खिडकीजवळच्या टेबलापाशी एक आजोबा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर वाचतायत. समोर त्यांची मुलगी लाल पेन घेऊन छापील कागदांवरून नजर फिरवतेय. पडद्यावर आहे लेखकाने लिहिलेलं, कागदावर आहे छापखान्याने जुळवलेलं. दोन्ही ताडून पाहायचं आणि चुका पकडायच्या, हे तिचं काम. याला मुद्रितं तपासणं म्हणतात. एकट्याने केलं तर डोळे फसतात, म्हणून एकाने वाचायचं, तेही विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने तपासायचं.

आजोबांनी आयुष्यभर बंदरात क्रेन चालवली होती. काम सुटलं आणि ते घरात नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरू लागले. कुणी उठलं की तेही उठायचे, कुणी बसलं की बसायचे. मग नातीने त्यांना माउस धरायला शिकवलं. सुरुवातीला पडद्यावरचा बाण असा पळायचा की आजोबा म्हणायचे, "धर धर, निघाला बघ बाहेर!" हळूहळू जमलं. आणि एक दिवस त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, मला वाचून दाखवाल का?" तेव्हापासून सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून ते टेबलापाशी बसायला लागले. कामावर जातात तसे. सवय इतकी अंगात भिनली की जेवताना म्हणायचे, "मीठ दे स्वल्पविराम आणि जरा पाणीही पूर्णविराम."

नात म्हणजे भिंगरी. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. ठरायची ती फक्त चित्रं काढताना, आणि चित्रं काढायची कॉम्प्युटरवर. त्यासाठी तिला एक छान प्रोग्राम मिळाला होता, महिनाभर फुकट. "महिना संपला की संपलं," असं आईने आधीच बजावलं होतं. महिना संपला. पण वर्गातल्या एका मैत्रिणीने युक्ती सांगितली. कॉम्प्युटरची तारीख मागच्या महिन्यातली करायची. प्रोग्रामला वाटतं, अरे, अजून महिना कुठे संपलाय! आणि तो उघडतो.

भिंगरी रोज हेच करायची. तारीख मागे न्यायची, चित्र काढायची, उठताना तारीख पुन्हा पुढे आणायची. कोपऱ्यात फक्त वेळ दिसायची, तारीख नाही, आणि वेळेला ती हात लावायची नाही. त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी सुट्टी होती. भिंगरी एका घोड्याचा पुढचा पाय काढत होती. पाय काही केल्या वाकत नव्हता. तेवढ्यात गच्चीवरून आईची हाक आली, "भिंगरे, कपडे काढायला ये गं, वारा सुटलाय!" चित्र बंद करून ती पळाली. तारीख मात्र तशीच राहिली, मागच्या महिन्यात.

ती गेली आणि आजोबा खुर्चीत येऊन बसले. पडद्यावर एक चौकोन आला. कॉम्प्युटरची नवी आवृत्ती तयार आहे, आता बसवू का? खाली 'हो' आणि 'नंतर'. आजोबांनी चष्मा सारखा केला, दोनदा वाचलं आणि 'हो' दाबलं. पडदा काळा झाला. मग एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला.

आई कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली तोवर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला होता. ती घाईत होती. मधमाश्यांच्या त्या पुस्तकाची शेवटची पानं संध्याकाळच्या आत छापखान्याकडे जायला हवी होती, कारण संध्याकाळी यंत्रं सुरू होणार होती. एका पानावर 'थंडीत माश्यांना साखरेचं पाणी द्यावं' याच्या जागी 'देऊ नये' असं छापून आलं होतं. ते तसंच गेलं असतं तर पुस्तक वाचून माश्या पाळणाऱ्यांच्या माश्या उपाशी मेल्या असत्या. दुरुस्त पानं पाठवायची ती छापखान्याच्या वेबसाइटवरून.

आणि वेबसाइट उघडेना. 'ही जोडणी सुरक्षित नाही,' एवढंच पडद्यावर. आईने पुन्हा उघडून पाहिली. तेच.

"सकाळी तर चालत होती," ती म्हणाली. "कुणी काही केलं का?"

"मी ते नवीन बसवलं," आजोबा म्हणाले. "त्याने विचारलं, बसवू का. मी म्हटलं बसव. एवढं अदबीने विचारतोय तर नाही कसं म्हणायचं?"

"बाबा! मला विचारायचं ना! दिसलं बटण की दाब! ही काय तुमची क्रेन आहे?"

आजोबा खुर्चीतून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. भिंगरी दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिलाही तेव्हा वाटलं, आजोबांनीच बिघडवलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्या क्षणापर्यंत तिची काही लबाडी नव्हती. विसरली होती, एवढंच. तुमच्या मात्र ध्यानात आलं असेल.

आईने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला, म्हणजे हात मोकळे राहतील. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येऊ लागला.

"ताई, दुसरी कुठली साइट उघडते का?"

"हवामानाची उघडली."

"मग इंटरनेट ठीक आहे. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा."

केला. काही फरक नाही.

"दुसऱ्या ब्राउझरमधून बघा."

पाहिलं. तेच वाक्य, फक्त रंग वेगळा.

"अपडेटनंतर होतं असं कधीकधी. कुणी केलं अपडेट?"

"आमच्या बाबांनी."

"हां! अहो ताई, म्हातारी माणसं नि कॉम्प्युटर, एका खोलीत ठेवायचेच नाहीत. आमच्याकडेही तेच. मी टीव्हीचा रिमोटसुद्धा कपाटात ठेवतो." तो खो खो हसला. "मी हातातलं काम संपवून येतो. नवीन आवृत्ती काढून टाकू. वेळ लागेल थोडा."

आजोबांनी ते सगळं ऐकलं. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते. "इतकी वर्षं ओझी उचलली," ते हळूच म्हणाले, "कुणाच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. आणि आता एका बोटाने..."

छापखान्याला कळवायला आई फोन घेऊन गॅलरीत गेली. तिचं बोलणं आत ऐकू येत होतं. "अहो, बाबांनी काहीतरी करून ठेवलंय... हो ना, काय सांगू."

भिंगरी टेबलापाशी आली. त्या वाक्याच्या खाली बारीक अक्षरात 'अधिक माहिती' असं लिहिलं होतं. तिने त्यावर टिचकी मारली. आत लिहिलं होतं, की या साइटच्या ओळखपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. आपल्या कॉम्प्युटरची तारीख तपासा.

मुलांनो, इथे थोडं थांबून समजून घ्या. प्रत्येक चांगल्या वेबसाइटकडे एक ओळखपत्र असतं. कधीपासून कधीपर्यंत चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर दारावरच्या पहारेकऱ्यासारखा ते तपासतो. छापखान्याचं ओळखपत्र नुकतंच नवीन झालं होतं, आणि आपला पहारेकरी अडकला होता मागच्या महिन्यात. त्याच्या हिशोबाने हे ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. तो म्हणाला, हा कुणीतरी भामटा दिसतोय, आत सोडणार नाही. हवामानवाल्यांचं ओळखपत्र जुनं होतं, ते चाललं. म्हणजे पहारेकरी बिचारा आपलं काम चोख करत होता.

भिंगरीला सगळं एका क्षणात कळलं. घोड्याचा पाय, गच्चीवरची हाक, तशीच राहिलेली तारीख.

"काय लिहिलंय गं?" आजोबांनी भिंतीजवळूनच विचारलं. "फार बारीक आहे, मला इथून दिसत नाही."

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "कळत नाहीये."

हे खोटं होतं. आणि ते इतक्या सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

आजोबा पाणी प्यायला आत गेले. तिने पटकन तारीख पुढे आणली, आजची केली. साइट पुन्हा उघडली. ती लगेच उघडली, जणू कधी रुसलीच नव्हती.

"आई, झालं!"

आई धावत आली. पडद्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं आणि तिचा गालगुच्चा घेतला. "अगं, काय केलंस काय?"

"तारीख चुकली होती. बरोबर केली."

"शाबास गं माझी बाय! त्या अपडेटनेच चुकवली असणार." आई एका हाताने पानं पाठवत होती, दुसऱ्या हाताने फोन लावत होती. "दादा, येऊ नका, आमच्या भिंगरीने दुरुस्त केलं!"

"काय सांगता! माझ्या दुकानात बसवा तिला. आणि आजोबांना सांगा, नातीकडे शिकवणी लावा."

आई हसली. आवाज ऐकून बाहेर आलेले आजोबाही हसले. त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरूच आहे ती माझी. आज लाज राखली माझी."

तो हात नेहमीचाच होता, खरखरीत आणि ऊबदार. पण भिंगरीला वाटलं, डोक्यावर कुणी दगड ठेवलाय. रागावणं, ओरडा, काहीही तिने झेललं असतं. शाबासकी झेलवेना.

पानं गेली. छापखान्यातून मिळाल्याचा निरोपही आला. आता सगळं पूर्ववत होणार, असं भिंगरी स्वतःला समजावत होती. चूक सुधारली ना? कुणाचं नुकसान झालं नाही ना? मग सांगायची गरज काय?

तेवढ्यात आजोबा टेबलापाशी आले. खुर्चीवरची पाठीला लावायची उशी त्यांनी उचलली. चष्म्याचं घर उचललं. "पुढच्या पुस्तकाला वाचायला दुसरं कुणी बघ हं," ते मुलीला म्हणाले. "माझ्या हातून आणखी काही बिघडलं तर तुझं काम जाईल. कागदावरचं असेल तर वाचीन मी. त्या यंत्राला हात नको."

"असं काय करता बाबा," आई म्हणाली. पण फार आग्रह केला नाही. "बरं, काही दिवस राहू दे."

आजोबा उशी काखेत धरून आतल्या खोलीकडे निघाले. दारापाशी थांबले, परत वळले, खिडकीशी गेले, पुन्हा दाराशी आले. क्रेनचं काम सुटलं होतं तेव्हा फिरायचे, तसे.

भिंगरीला ते बघवेना. "आई, इकडे ये," ती म्हणाली. "आजोबा, तुम्हीपण. चष्मा लावून या."

दोघं आली. भिंगरीने त्यांच्यादेखत तारीख उघडली आणि मागच्या महिन्यात नेली. मग छापखान्याची साइट उघडायला गेली. 'ही जोडणी सुरक्षित नाही.'

"अगं, परत? आत्ता तर नीट केलंस!" आई म्हणाली.

"मीच बिघडवलं," भिंगरी पडद्याकडेच बघत म्हणाली. "मघाशीही मीच. चित्रांचा प्रोग्राम चालावा म्हणून रोज तारीख मागे नेते. आज पुढे आणायची राहिली. आजोबांनी दाबलं त्याने काहीच झालं नव्हतं. आणि मघाशी मला कळलं होतं. तरी मी गप्प बसले."

आई म्हणाली, "रोज?" एवढंच. ओरडली असती तर बरं, असा तो स्वर होता.

आजोबा पुढे वाकले, पडद्यावरची तारीख नीट वाचली आणि हुं केलं. "म्हणजे माझं बोट निर्दोष," ते म्हणाले. मग भिंगरीचा उतरलेला चेहरा बघून लगेच, "जाऊ दे गं. सांगितलंस ना. पोर आहे, होतं असं. चल, झालं गेलं विसरून जाऊ."

त्यांच्यापुरतं ते तिथेच मिटलं होतं. आईने नजरेनेच सांगितलं की प्रोग्रामचं बोलणं नंतर होईल, आणि ते होणार हे भिंगरीला ठाऊक होतं. पण तिच्या कानात अजून ते हसणं घुमत होतं. म्हातारी माणसं नि कॉम्प्युटर. या खोलीत आजोबांवरचा आळ गेला होता. बाहेर तो तसाच होता.

ती खुर्चीवरून उठली. आजोबांच्या काखेतली उशी काढून तिने खुर्चीच्या पाठीला लावली. तारीख त्यांनाच बरोबर करू दिली. आणि मग आईने हो-नाही म्हणण्याआधी टेबलावरचा फोन उचलून दुरुस्तीवाल्याचा नंबर लावला.

"काका, मी भिंगरी बोलतेय," ती म्हणाली. "मघाशी तुम्ही आमच्या आजोबांना हसलात ना? जरा ऐका."